हिज्कीया राजा: लाखीश पडलं, यरुशलेम वाचलं, मग जिंकलं कोण?

प्रश्न असा आलाय की "सर, बायबल म्हणतं देवाने यरुशलेम (जेरुसलेम) वाचवलं आणि अश्शूरचा (आजच्या इराकमधल्या साम्राज्याचा) राजा हात हलवत परत गेला, आणि अश्शूरचे लेख म्हणतात आम्ही हिज्कीयाला पिंजऱ्यात कोंडला आणि खंडणी वसूल केली, तर खरं कोणाचं? आणि हिज्कीयाला यशस्वी राजा म्हणायचं का?"

मी गेली बावीस वर्षं जुन्या कराराचा इतिहास शिकवतोय आणि दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच. आधी थोडक्यात सांगतो. दोघांचंही बरंचसं खरं आहे, आणि दोन्ही लेख शेजारी शेजारी ठेवून वाचले की भांडण वाटतं त्यापेक्षा खूपच कमी निघतं. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यरुशलेममधे शोधू नका, ते लाखीशमधे, हिज्कीयाच्या राज्यातल्या दुसऱ्या मोठ्या शहरात, आहे. असं का म्हणतो ते आता सविस्तर सांगतो, वेळ काढून वाचा.

आधी एक छोटी गोष्ट, कारण यात भरपूर लोक गोंधळतात. हिज्कीया वेगळा आणि यहेज्केल वेगळा. हिज्कीया हा यहूदाचा, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेच्या राज्याचा राजा, आहाजचा मुलगा, आणि यहेज्केल हा संदेष्टा, तो सव्वाशे वर्षांनी बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात होता. दोन्ही नावांत 'बळ' या अर्थाचा एकच हिब्रू धातू आहे म्हणून ती सारखी वाटतात, एवढंच. हिज्कीयाची गोष्ट बायबलमधे २ राजे १८ ते २०, २ इतिहास २९ ते ३२ आणि यशया ३६ ते ३९ अशी तीन ठिकाणी येते, आणि या तिन्हीत काय सारखं आहे यापेक्षा काय गाळलंय ते बघणं फार महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येतो.

तारखांचा घोळही आधीच सांगून टाकतो. २ राजे १८ मधे हिज्कीया पंचविसाव्या वर्षी गादीवर बसला आणि २९ वर्षं राज्य केलं असं लिहिलंय. पण त्याच अध्यायात म्हटलंय की उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडली तेव्हा त्याच्या राज्याचं सहावं वर्ष चालू होतं, आणि पुढे म्हटलंय अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला तेव्हा चौदावं. शोमरोन पडलं इ.स.पू. ७२२ च्या सुमारास आणि सन्हेरीब आला ७०१ मधे, हे दुसरं साल अश्शूरी नोंदींवरून एकदम पक्कं आहे. मग सहा आणि चौदा यांच्यामधे आठ वर्षांऐवजी एकवीस वर्षं कशी बसवणार? म्हणून काही अभ्यासक तो ७२७ च्या आसपास गादीवर आला म्हणतात आणि काही ७१५ धरतात, आणि काहीजण मधली वाट काढतात की आधी तो बापाबरोबर सहराजा होता आणि नंतर एकटा राज्य करायला लागला. मला स्वतःला ७१५ जास्त पटतं, पण परीक्षेत कोणी ७२७ लिहिलं आणि कारण नीट दिलं तर मी मार्क कापत नाही.

आता परिस्थिती समजून घ्या, नाहीतर त्याने बंड का केलं ते कळणारच नाही. बाप आहाज याने शेजारच्या राजांच्या भीतीने अश्शूरच्या राजाला स्वतःहून मदतीला बोलावलं होतं, मंदिरातलं सोनंरुपं पाठवून. आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, तेच झालं. अराम आणि इस्राएलचा धोका गेला पण अश्शूर कायमचं डोक्यावर बसलं. मग उत्तरेचं इस्राएल राज्यच संपलं, शोमरोन पडलं, आणि अश्शूरचा सर्गोन राजा आपल्या लेखात लिहितो की मी तिथून २७ हजारांच्या वर माणसं उचलून नेली. जी सुटली त्यातली कितीतरी दक्षिणेला यरुशलेमकडे पळाली असणार, कारण याच काळात यरुशलेम शहर पश्चिमेच्या टेकडीवर पसरून कितीतरी पटीने मोठं झालेलं दिसतं. म्हणजे हिज्कीयाच्या शहरात जी गर्दी होती त्यात बऱ्याच जणांनी आपलं गाव जळताना बघितलेलं होतं.

आणि ७०५ मधे एक गोष्ट घडली. सर्गोन लढाईत मारला गेला आणि त्याचं प्रेतसुद्धा परत आणता आलं नाही. एवढ्या मोठ्या सम्राटाचं प्रेत रणांगणावर राहतं म्हणजे त्या काळच्या लोकांना तो देवाचा कोपच वाटला असणार, आणि साम्राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना वाटलं की हीच वेळ आहे. बाबेलमधे मरोदख-बलदान उठला, सीदोनचा राजा उठला, अष्कलोन उठलं, एक्रोनच्या लोकांनी तर अश्शूरशी इमान राखणाऱ्या आपल्याच राजाला, पादी त्याचं नाव, बेड्या घालून हिज्कीयाच्या ताब्यात दिलं. मागे मिसर (इजिप्त) आणि त्याच्या दक्षिणेच्या कूशचं पाठबळ होतं. हिज्कीयाने खंडणी बंद केली. हा जुगार होता पण आंधळा नव्हता, कारण त्याने जी तयारी केली ती आपल्याला आज जमिनीतून काढून दाखवता येते, आणि त्या काळच्या किती राजांबद्दल असं म्हणता येतं सांगा.

पहिली तयारी रसदीची. मातीचे मोठे रांजण, एकेकात अंदाजे ४५ लिटर तेल किंवा द्राक्षारस मावेल असे, आणि त्यांच्या कानांवर शिक्का, 'लमेलेख' म्हणजे 'राजाचा', खाली चारपैकी एक गावाचं नाव, त्यात हेब्रोन आहे, सोखो आहे, जीफ आहे. असे दोन हजारांच्या वर कान सापडलेत, त्यातले चारशेच्या वर एकट्या लाखीशमधे. दुसरी तयारी तटबंदीची. पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांना १९७० च्या दशकात यरुशलेमच्या यहुदी मोहल्ल्यात एक भिंत सापडली, जवळजवळ सात मीटर रुंद, आणि ती भिंत सरळ राहत्या घरांवरून गेलीय. ती उघडी ठेवलेली आहे, वरून वाकून बघितलं की घराच्या पातळ भिंतीवर तटाचे मोठाले दगड चढलेले दिसतात. आता यशया २२ काढा, तिथे संदेष्टा यरुशलेमच्या लोकांना म्हणतो की तुम्ही घरं मोजलीत आणि तट मजबूत करायला घरं पाडलीत. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा हेच वचन आठवलं आणि खरं सांगतो, ज्याचं घर गेलं तो माणूस पहिल्यांदा डोळ्यासमोर आला, राजा नंतर.

तिसरी तयारी म्हणजे भुयार, यावर थोडा जास्त वेळ घेतो. यरुशलेमला बारमाही पाणी एकच, गीहोन झरा, आणि तो उताराला खाली, तटाच्या कडेला. वेढा पडला की शत्रू आधी पाणी तोडणार, आणि उलट शत्रूला आयतं पाणी मिळणार. म्हणून बाहेरचे झरे बुजवले आणि गीहोनचं पाणी डोंगराच्या पोटातून शहराच्या आत शिलोहच्या तळ्यात आणलं. भुयार ५३३ मीटर लांब आहे, नागमोडी, आणि दोन टोकांत पातळीचा फरक फक्त तीसेक सेंटिमीटर. दोन टोळ्यांनी दोन बाजूंनी खोदलं आणि मधे भेटले. आजही त्यातून चालत जाता येतं, गुडघ्याएवढं गार पाणी, काही ठिकाणी खांदे दोन्हीकडे घासतात, टॉर्च विझवली तर स्वतःचा हात दिसत नाही. चालता चालता छिन्नीचे घाव बघत जायचं, एका जागी त्यांची दिशा उलटी होते, तीच भेटीची जागा, आणि तिच्या आधी भुयार इकडे तिकडे वळतं, काही ठिकाणी थोडं खोदून सोडून दिलेलं दिसतं. म्हणजे ते लोक एकमेकांचा आवाज ऐकून अंदाज घेत होते.

हे मी मनाने सांगत नाहीये. १८८० मधे एका मुलाला शिलोहच्या बाजूला भुयाराच्या भिंतीवर लेख दिसला, सहा ओळी, जुन्या हिब्रू लिपीत. त्यात लिहिलंय की तीन हात खडक उरला असताना एका माणसाचा आवाज दुसऱ्याला ऐकू आला, खडकात उजवीकडे फट होती, मग टिकावासमोर टिकाव असे खोदणारे भेटले, आणि पाणी झऱ्यापासून तळ्यापर्यंत १२०० हात वाहिलं, आणि त्यांच्या डोक्यावर खडक होता १०० हात. बस. राजाचं नाव नाही, देवाचंही नाव नाही. मेसोपोटेमियातला कोणी राजा असता तर पहिल्या तीन ओळी त्याच्या पदव्यांतच गेल्या असत्या. हा लेख खोदणाऱ्यांच्या बाजूने लिहिलाय आणि मला तो सगळ्या हिब्रू लेखांत सगळ्यात जवळचा वाटतो. पुढे कोणीतरी तो भिंतीतून कापून काढला, त्यात त्याचे तुकडे झाले, आणि तेव्हा उस्मानी राज्य असल्यामुळे तो आज इस्तंबूलच्या म्युझियममधे आहे. नाव नसल्यामुळे भुयार हिज्कीयाचंच कशावरून असा प्रश्न येतो, तर २ राजे २० आणि २ इतिहास ३२ मधे त्याने पाणी शहरात आणल्याचा उल्लेख आहे, आणि २००३ मधे गिलाव्यातल्या वनस्पतींच्या अवशेषांवरून आणि चुनखडीच्या थरांवरून काढलेलं वय इ.स.पू. ७०० च्या आसपास जुळलं. काही जण ते जरा आधीचं धरतात, पण बहुतेकांना आणि मलाही हिज्कीयाच बरोबर वाटतो.

आता ७०१. सन्हेरीबाने आधी बाबेलचं बंड मोडलं आणि मग इकडे वळला. सीदोनचा राजा समुद्रात पळाला, अष्कलोनच्या राजाला कुटुंबासकट उचलून नेला, मदतीला आलेल्या मिसरी-कूशी फौजेला एल्तकेजवळ हरवलं, एक्रोनमधे बंडखोर सरदारांना मारून प्रेतं शहराभोवती खांबांवर टांगली. मग यहूदा. अश्शूरची राजधानी निनवेला सापडलेला त्याचा मातीचा सहा बाजूंचा छोटा लेखस्तंभ आहे, टेलर प्रिझम म्हणतात, ब्रिटिश म्युझियममधे आहे, इ.स.पू. ६९१ चा. त्यात तो म्हणतो की हिज्कीयाची ४६ तटबंदीची शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, आणि हिज्कीयाला त्याच्या राजधानीत पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं. दोन लाखांचा आकडा फुगवलेला आहे असंच बहुतेक अभ्यासक मानतात. पण ४६ शहरं ही काही नुसती बढाई नाही, कारण शफेलामधे, म्हणजे डोंगर आणि किनारपट्टीच्या मधल्या सुपीक उतारावर, कितीतरी ठिकाणी खणल्यावर या काळातल्या राखेचा थर लागतो.

आणि त्यातलं सगळ्यात मोठं लाखीश, यरुशलेमखालोखाल यहूदाचं दुसरं शहर. गंमत बघा, प्रिझममधे लाखीशचं नावसुद्धा नाही, पण निनवेच्या राजवाड्यात सन्हेरीबाने एका अख्ख्या खोलीच्या भिंती लाखीशच्या कोरीव चित्रांनी भरल्या. त्या शिळाही आज ब्रिटिश म्युझियममधेच आहेत. मी एकदा तिथे तीन तास होतो. एका भागात तटाला टेकवलेल्या भरावावरून भिंत फोडायचं यंत्र वर ढकललंय, तटावरून लोक पेटत्या मशाली फेकतायत, आणि यंत्रात बसलेला एक अश्शूरी शिपाई लांब दांड्याच्या पळीने आपल्याच यंत्राच्या पुढच्या भागावर पाणी ओततोय, आग लागू नये म्हणून. इतकं बारीक. त्याच्या उजवीकडे माणसं सुळावर चढवलीत. आणि मग रांग सुरू होते, गाडीवर सामान, सामानावर पोरं, मागे डोक्यावरून लांब वस्त्र घेतलेल्या बायका, खांद्यावर बोचकी. शेवटी सन्हेरीब सिंहासनावर, आणि शेजारी लेख की राजा बसला आणि लाखीशची लूट त्याच्यापुढून गेली. नंतर कोणीतरी त्याचा चेहरा मुद्दाम फोडलाय.

आता हे चित्र खोटं आहे म्हणायची सोय नाही, कारण लाखीशच्या टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात तो दगडांचा भराव आजही आहे. १९७० च्या दशकापासून डेव्हिड उसिश्किन यांच्या टीमने तिथे खणलं तेव्हा बाणांची शेकडो टोकं, गोफणीचे दगड, लोखंडी साखळीचा तुकडा असं सगळं मिळालं, आणि तटाच्या आतून लोकांनी उभा केलेला उलटा भरावसुद्धा, म्हणजे भिंत पडली तरी मागे दुसरी उभी राहावी म्हणून ते शेवटपर्यंत माती ओतत होते. आणि राखेत त्या 'राजाचा' शिक्क्याच्या रांजणांचे ढीग. यरुशलेममधली तयारी उपयोगी पडली, लाखीशमधली नाही पडली.

इथे २ राजे १८ मधलं ते प्रसिद्ध दृश्य येतं. लाखीशहून रब-शाके, म्हणजे अश्शूरचा एक बडा अधिकारी, फौज घेऊन यरुशलेमच्या तटाखाली, वरच्या तळ्याच्या पाटाजवळ उभा राहतो. हिज्कीयाचे तीन अधिकारी, एल्याकीम, शेबना आणि यवाह, बाहेर येतात. तो म्हणतो मिसर म्हणजे चेचलेला बोरू, टेकलात तर हातात घुसेल. तो म्हणतो दोन हजार घोडे देतो, स्वार तरी आहेत का तुमच्याकडे? अधिकारी विनवतात की आमच्याशी अरामीत बोला, आम्हाला कळतं, तटावरच्या लोकांना ऐकू जाईल असं यहूदी भाषेत बोलू नका. म्हणजे दरबारी बोलणं वेगळ्या भाषेत आणि लोकांचं वेगळ्या. आणि तो मुद्दाम आवाज चढवून लोकांच्याच भाषेत ओरडतो की राजाचं ऐकाल तर स्वतःची विष्ठा खाल आणि मूत्र प्याल, माझं ऐकाल तर प्रत्येकजण आपल्या द्राक्षवेलीचं आणि अंजिराचं खाईल. मानसिक युद्धाचा यापेक्षा नेमका नमुना मी प्राचीन साहित्यात वाचलेला नाही. आणि लोक गप्प राहतात, कारण राजाने उत्तर देऊ नका सांगितलेलं असतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. २ राजे १८ ची १४ ते १६ ही तीन वचनं उघडा. तिथे स्पष्ट लिहिलंय की हिज्कीयाने लाखीशला निरोप पाठवला, माझं चुकलं, परत जा, जे लादाल ते देतो. आणि ३०० किक्कार रुपं आणि ३० किक्कार सोनं दिलं, त्यासाठी मंदिराच्या दारांवर त्याने स्वतःच मढवलेलं सोनं उतरवून काढलं. एक किक्कार अंदाजे ३० किलो धरला तर सोनंच ९०० किलोच्या आसपास जातं. आता प्रिझम बघा, सोनं ३० किक्कार! रुपं ८०० म्हणतो तो, वरून हिज्कीयाच्या मुली, राजवाड्यातल्या बायका, गायक-गायिका निनवेला पाठवल्याचं सांगतो. पण सोन्याचा आकडा एकच, दोन शत्रूंनी स्वतंत्रपणे लिहिलेला. एक्रोनचा पादीही यरुशलेममधून बाहेर काढला म्हणतो, म्हणजे हिज्कीयाला तो सोडावा लागला. आणि मजकुरातली खरी गंमत इथेच आहे, यशया ३६ मधे हीच गोष्ट जवळजवळ शब्दशः आहे पण ही तीन वचनं नाहीत, आणि २ इतिहासातही नाहीत. २ राजेच्या लेखकाने ती ठेवली. ज्या राजाची त्याने इतकी स्तुती केली, की याच्यासारखा आधी झाला नाही आणि नंतर झाला नाही, त्याच राजाची शरणागती त्याने लपवली नाही, म्हणून मी त्या लेखकावर विश्वास टाकतो.

आणि सन्हेरीब काय लपवतो? तो कुठेच म्हणत नाही की यरुशलेम घेतलं. कोंडलं म्हणतो, घेतलं म्हणत नाही. बाकी बंडखोर राजे पळाले, मेले किंवा हद्दपार झाले आणि हा एकटा आपल्या गादीवर राहिला, हे अश्शूरच्या रीतीत बसत नाही. राजवाड्यात यरुशलेमची नाही तर लाखीशची चित्रं लावावी लागली यातच सगळं आलं. म्हणजे यहूदा उद्ध्वस्त झाला, खंडणी गेली, पण यरुशलेम पडलं नाही, इतकं दोघेही मान्य करतात.

मग २ राजे १९ मधे लिहिलंय की एका रात्रीत अश्शूरी छावणीतले १,८५,००० लोक देवदूताने मारले, त्याचं काय? माझी श्रद्धा आहे आणि मी ती लपवत नाही, पण वर्गात मी एवढंच सांगतो की अश्शूरी फौजेला काहीतरी अघटित झालं ही आठवण एकट्या यहुद्यांची असेल असं नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस मिसरी लोकांकडून ऐकलेली गोष्ट सांगतो की सन्हेरीबाच्या फौजेच्या धनुष्यांच्या दोऱ्या रातोरात उंदरांनी कुरतडल्या. उंदीर म्हणजे रोगाची साथ असा अर्थ काहीजण लावतात. तो धागा मी फार ताणत नाही. पण सन्हेरीबाला त्याच्याच मुलांनी मारलं हे बायबलचं म्हणणं मात्र मेसोपोटेमियाच्या नोंदींतून खरं ठरलंय, फक्त ते लगेच नाही, वीस वर्षांनी, इ.स.पू. ६८१ मधे.

बाकीचं भराभर सांगतो. हिज्कीयाने उच्चस्थानं, म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थळं, काढली, मोशेच्या काळापासूनचा मानला जाणारा पितळी साप, नहुश्तान, लोक त्याला धूप जाळायला लागले म्हणून फोडला. यहूदाच्या दक्षिणेला बैर-शेबा इथे कोपऱ्यांना शिंगांसारखे उंचवटे असलेली एक मोठी वेदी मोडून तिचे दगड कोठाराच्या भिंतीत बसवलेले सापडलेत, बरेच जण ते याच सुधारणेशी जोडतात. नीतिसूत्रे २५ च्या सुरुवातीला लिहिलंय की पुढची वचनं हिज्कीयाच्या माणसांनी उतरवून काढली, म्हणजे दरबारात लेखनिक बसवले होते. आजारी पडला, यशयाने अंजिराची चकती गळवावर लावायला सांगितली, १५ वर्षं वाढून मिळाली. मग बाबेलचे दूत तब्येत विचारायला आले आणि याने त्यांना सगळं भांडार, सोनं, शस्त्रागार फिरवून दाखवलं, हात दाखवून अवलक्षण, यशया संतापला तो उगाच नाही. हे खंडणी द्यायच्या आधी घडलं असणार, नंतर दाखवायला उरलं काय होतं?

त्याची स्वतःची मुद्राही सापडलीय, एलात माझार यांच्या उत्खननात, २०१५ मधे जाहीर झाली. नखाएवढा मातीचा गोळा, त्यावर 'यहूदाचा राजा, आहाजचा मुलगा हिज्कीया', आणि मधे पंख असलेला सूर्य आणि दोन बाजूंना मिसरी जीवनचिन्ह. ज्याने साप फोडला त्याच्याच शिक्क्यावर मिसरी चिन्हं, याचं माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्य वाटतं. पण ती त्या काळची राजेशाहीची सर्वमान्य खूण होती, त्यात पूजा बघायची गरज नाही.

तर यशस्वी का? यरुशलेमवाल्याला विचाराल तर हो, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. ते शहर तेव्हा पडलं असतं तर यहूदाही इस्राएलसारखाच पुसला गेला असता, आणि हिब्रू शास्त्राचा मोठा भाग आपल्यापर्यंत कदाचित आलाच नसता. पण त्याच काळात मीखा नावाचा संदेष्टा होता, तो यरुशलेमचा नाही, शफेलातल्या मोरेशेथचा, लाखीशच्या जवळचा. त्याचा पहिला अध्याय वाचा, एकेका गावाचं नाव घेऊन तो रडतो, लाखीशवाल्यांना म्हणतो रथाला घोडे जुंपा, आणि शेवटी म्हणतो गिधाडासारखं टक्कल कर, कारण तुझी लाडकी मुलं तुझ्यापासून बंदिवासात गेली. हिज्कीयाचा मुलगा मनश्शे पुन्हा अश्शूरला खंडणी भरत ५५ वर्षं राहिला, धार्मिक लोक त्याला शिव्या देतात आणि त्याला कारणही आहे, पण त्याच्या काळात यहूदा हळूहळू पुन्हा उभा राहिला. पुढच्या वेळी हा भाग वाचताना २ राजे १८ नंतर लगेच १९ वर जाऊ नका, मधे मीखा १ वाचा आणि मग तो १,८५,००० चा अध्याय काढा.